पाम वाळतोय? आधी फुलोरा कुठून आलाय ते बघा

"सोसायटीच्या गेटजवळचा पाम वाळत चाललाय, काहीतरी औषध द्या." घोडबंदर रोडवरच्या आमच्या रोपवाटिकेत असा फोन अधूनमधून येतोच. फोटो मागवला की बहुतेक वेळा निघतो भेरली माड, म्हणजे फिशटेल पाम. पाती माशाच्या शेपटीसारखी, आणि खोडावरून वेण्या सोडाव्यात तसे लांब घोस. पहिला घोस शेंड्यापाशी येतो, पुढचा त्याच्या खाली, मग आणखी खाली. काही वर्षं हे चालतं. सगळ्यांत खालचा घोस पिकला की झाड संपतं. हा रोग नाही, त्याचं आयुष्यच तेवढं. औषधावर पैसे घालवू नका. घोस खाली उतरू लागले की शेजारी नवं रोप लावा. फळं मुलांच्या हाती लागू देऊ नका, भयंकर खाज सुटते. झुबक्याने वाढणारा फिशटेलही मिळतो. त्याचं फुललेलं खोड मरतं, फुटवे राहतात.

आमच्याकडचे बाकीचे पाम फुलून मरत नाहीत. नारळाची पोय, म्हणजे फुलोरा, झावळीच्या बगलेतून निघते. पोफळ, रॉयल आणि फॉक्सटेलला झावळ्यांखाली गुळगुळीत हिरवी नळी असते. फुलोरा त्या नळीच्या खाली, उघड्या खोडावर फुटतो.

रॉयलला बाजारात सर्रास 'बॉटल पाम' म्हणतात, आमचे माळीसुद्धा. खरा बॉटल बुटका, बुडाशी फुगलेला. रॉयल मात्र चार-पाच मजले गाठतो. मग "वरून छाटून द्या" अशी मागणी येते. ते होत नाही. त्याला वाढीचा कोंब एकच, शेंड्यात. तो कापला की झाड गेलं. उंची नको असेल तर अरेका घ्या. पिवळसर खोडांचा झुबका, जुनी खोडं बुडातून काढता येतात.

ताड आणि शिंदीत नर-मादी झाडं वेगळी असतात. ताडगोळे मादीलाच लागतात, आणि फुलोरा येईपर्यंत कोणतं कोणतं हे बघून कळत नाही. त्यामुळे रोप देताना आम्ही शब्द देत नाही. सायकस तर पामच नाही, त्याला फुलं येत नाहीत.

नाव विचारायचं असेल तर तीन फोटो पाठवा: शेंडा, फुलोरा निघतो ती जागा आणि बुंधा. आणि वाळलेला पामही परस्पर तोडू नका. १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करा.