सलाईनच्या नळीतला बुडबुडा

बाटली संपत आली की पेशंटजवळ बसलेल्या नातेवाइकांचा जीव वरखाली होतो. "सिस्टर, लवकर या, आता हवा जाईल!" हाताला लावलेल्या साध्या सलाईनपुरती ही भीती फारशी खरी नाही. शिरेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा जास्त असतो. त्यामुळे नळीतले पाणी उतरत उतरत त्या दाबाशी तुल्यबळ झाले की थांबते, वेळेत कोणी पाहिले नाही तर उलट रक्तच नळीत चढते. (हात हृदयाच्या वर उचलला असेल किंवा गळ्याजवळच्या मोठ्या शिरेत लाइन असेल, तर मात्र ही हमी नाही. श्वास आत घेताना तिथली उघडी नळी हवा ओढते.)

नळीचा आतला व्यास साधारण 3 मिलिमीटर. तिच्यातल्या 1 सेंटिमीटर लांबीच्या बुडबुड्यात हवा भरते जेमतेम 0.07 मिलिलिटर. ती फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकते आणि विरून जाते. मोठ्या माणसाला मारक ठरणारी हवा 200 ते 300 मिलिलिटर, तीही झपाट्याने गेली तर, असा अंदाज आहे.

तरी बुडबुडे काढायचेच. सुमारे चारांतल्या एका माणसात हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधले जन्मापूर्वीचे छिद्र पूर्ण बुजलेले नसते. तिथून हृदयाच्या डाव्या बाजूला निसटलेला बुडबुडा फुप्फुसांत न अडकता मेंदूकडे जाऊ शकतो.

सेट, म्हणजे बाटलीपासून हातापर्यंतची नळी, भरताना रोलर (नळी चिमटणारे चाक) आधी पूर्ण बंद हवा. तो उघडा ठेवून बाटलीत स्पाइक (सेटचे टोकदार तोंड) खुपसला, तर चेंबर (थेंब पडतात ती पारदर्शक कुपी) भरायच्या आतच पाणी हवेला घेऊन नळीत धावते. चेंबर दाबून सोडा, अर्धा भरू द्या, मग रोलर हळूहळू सोडा. औषधाचा फाटा आला की त्याचे रबरी टोक खाली करून टिचकी मारा. कोपऱ्यात दडलेली हवा वर सरकून प्रवाहात येते. फ्रिजमधली गार बाटली लगेच लावली, तर पाणी कोमट होताना त्यात विरघळलेली हवा नळीच्या भिंतीवर मण्यांसारखी सुटते.

खरी गंमत जोडणीत आहे. नळी आणि कॅन्युला (शिरेत राहणारी बारीक प्लॅस्टिकची नळी) यांची दोन्ही तोंडे काठोकाठ भरली, पण पृष्ठभाग खोलगट राहिले, तर कडा आधी टेकतात आणि मधली हवा कोंडते. तेच फुगीर असतील तर मध्यबिंदू आधी भेटतात, हवा कडेने बाहेर पडते. म्हणून टूर्निके (हाताला आवळून बांधलेला पट्टा) सोडायचा, कॅन्युलाच्या टोकापुढे शीर बोटाने दाबून सुई काढायची, मग बोट किंचित सैल करून रक्ताला हबच्या, म्हणजे कॅन्युलाच्या बाहेरच्या रुंद तोंडाच्या, काठावर येऊ द्यायचे. इकडे नळीच्या तोंडाशी एक थेंब लोंबता ठेवायचा. थेंब रक्ताला टेकला की नळी आत सरकवून पीळ द्यायचा.



एक्मोच्या यंत्राची (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळून ते परत देणाऱ्या यंत्राची) नळी मात्र 3/8 इंची. तिच्यातल्या 1 सेंटिमीटर बुडबुड्यात दसपट, 0.7 मिलिलिटर हवा मावते, आणि धमनीकडे जाणाऱ्या नळीतली हवा गाळायला वाटेत फुप्फुसे नसतात. म्हणून तिथे दोघे दोन टोके समोरासमोर धरतात आणि तिसरा सिरिंजमधून सलाईनची धार त्या फटीवर सोडत राहतो. नळी कनेक्टरवर पक्की बसेपर्यंत ती धार तोडत नाहीत.