विचलन, गुन्हा आणि शिक्षा

समाजाने ठरवलेल्या रीतीला सोडून केलेले वर्तन म्हणजे विचलन. कायद्याने जे वर्तन दंडनीय ठरवले, तो गुन्हा. ही दोन वर्तुळे एकमेकांवर नेमकी बसत नाहीत. मयतीला भडक कपडे घालून जाणे हे विचलन आहे, गुन्हा नाही. हेल्मेटशिवाय दुचाकीवरून बर्डीच्या बाजारात चक्कर मारणे हा गुन्हा आहे, पण त्यावरून नागपुरात कोणी कोणाला नावे ठेवत नाही.

मानसशास्त्र गुन्हेगाराच्या मनात डोकावते. समाजशास्त्राचा प्रश्न वेगळा आहे: अमुक कृत्य गुन्हा कोणी ठरवले, केव्हा आणि कोणासाठी? नागपुरातल्या दुकानातून रीतसर घेतलेली दारूची बाटली पिशवीत टाकून कोणी वर्ध्याच्या बसमध्ये बसला, तर जिल्ह्याची हद्द ओलांडताच तो अडचणीत येतो. गांधीजींचा जिल्हा म्हणून वर्ध्यात दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. बाटली तीच, माणूसही तोच.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील द्युरकेम याने १८९५ मध्ये मांडले की, गुन्हा नसलेला समाज संभवत नाही. सगळे संत एकत्र राहू लागले तरी त्यांच्यात बारीकसारीक चुकांचाच मोठा बोभाटा होईल. त्याच्या मते शिक्षेचा खरा परिणाम गुन्हेगारापेक्षा बाकीच्यांवर होतो, कारण ‘आपल्याला काय खपत नाही’ हे लोक त्या निमित्ताने एकमेकांना सांगतात. नागपूरकराला हे समजायला पुस्तक लागत नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काळी आणि पिवळी मारबत या दोन मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, नेहरू पुतळ्यापाशी दोघी समोरासमोर येतात आणि ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असा गलका होतो. मागोमाग बडगे, म्हणजे नकोशा गोष्टींचे पुतळे, असतात: भ्रष्टाचाराचा, महागाईचा, त्या वर्षी लोकांच्या डोक्यात गेलेल्या कशाचाही. गळ्यात पाटी अडकवून त्यांची वरात काढतात आणि शेवटी जाळतात. भ्रष्टाचार काही त्यामुळे थांबत नाही. पण सामूहिक निषेध कसा दिसतो, हे इतक्या जवळून क्वचितच पाहायला मिळते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन याने १९३८ मध्ये बोट ठेवले ते ध्येय आणि मार्ग यांच्यातल्या तफावतीवर. श्रीमंत व्हा असे समाज सर्वांना सांगतो, पण सरळ वाट मोजक्यांनाच मोकळी असते. उरलेल्यांपैकी काही जण आडवाट काढतात. हे स्पष्टीकरण गरिबाच्या चोरीला चपखल बसते, मात्र भरल्या पोटी केलेल्या लुटीपाशी अडखळते. ती उणीव एडविन सदरलँडने १९३९ मध्ये ‘पांढरपेशी गुन्हेगारी’ ही कल्पना मांडून दाखवली. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतला रोखे घोटाळा २००२ मध्ये उघडकीस आला. खालच्या न्यायालयाचा निकाल लागला डिसेंबर २०२३ मध्ये. पाकीटमाराला एवढी सवड मिळत नाही.

हॉवर्ड बेकर याने १९६३ मध्ये सांगितले की, विचलन कृत्यात नसते, लोकांनी मारलेल्या शिक्क्यात असते. याचा भारतातला ढळढळीत पुरावा त्याच्या बराच आधीचा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सबंध जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ मध्ये रद्द झाला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, जातात, ही तक्रार विदर्भात आजही ऐकू येते. तडीपारीचेही असेच आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमानुसार एखाद्याला जास्तीत जास्त दोन वर्षे हद्दीबाहेर घालवता येते. घर, काम, नातेवाईक सुटतात. ट्रॅव्हिस हर्शीच्या १९६९ च्या मांडणीनुसार माणसाला गुन्ह्यापासून रोखणारे धागे नेमके हेच.

शिक्षा कालांतराने चौकातून भिंतीआड गेली, असे फ्रेंच विचारवंत मिशेल फुको याने १९७५ मध्ये दाखवले. राज्यात फाशीची सोय येरवडा आणि नागपूर या दोनच कारागृहांत आहे. ३० जुलै २०१५ च्या पहाटे नागपुरात झालेली फाशी देशभर चर्चिली गेली, पण लोकांना दिसली ती फक्त कारागृहाची भिंत. याच शहरात १३ ऑगस्ट २००४ रोजी उलटे घडले होते. कस्तुरबानगरच्या स्त्रियांच्या जमावाने वस्तीला वर्षानुवर्षे छळणाऱ्या गुंडाला भर न्यायालयात ठार मारले. २०१४ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. यंत्रणा दंड देईल हा भरवसा संपला की लोक तो हक्क परत हातात घेतात, असा याचा एक अर्थ लावला जातो. त्या वस्तीत मात्र अर्थापेक्षा सुटकेचा निःश्वास मोठा होता.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही नवी शिक्षा आली. दारू पिऊन सार्वजनिक जागी धिंगाणा घालणाऱ्याला आता न्यायालय तुरुंगाऐवजी बिनमोबदला काम सांगू शकते, तेही चारचौघांत.