थोरियम इंधनाचं कॉम्प्युटर मॉडेलिंग

अणुभट्टीत थोरियम इंधनाचे पेलेट (दाबून-भाजून केलेल्या छोट्या गोळ्या) आणि त्यांच्यावरची झिरकॅलॉय या झिर्कोनियमच्या मिश्रधातूची नळी किती तापतील, किती फुगतील, अणू फुटताना पेलेटमध्ये तयार होणारा वायू किती सुटेल हे कॉम्प्युटरवर आधीच काढायची पद्धत. बेळगावच्या उद्यमबागेतले फाउंड्रीवाले कास्टिंग ओतायच्या आधी सिम्युलेशन करतात त्यातलाच प्रकार, फक्त इथे माल निवत नाही, आतून स्वतःच तापत राहतो.

बेळगाव-खानापूरकडच्या माणसाला यातली जवळची जागा म्हणजे कैगा, कारवार तालुक्यात काळी नदीच्या काठावर. तिथल्या पहिल्या दोन युनिटांत सुरुवातीला गाभ्यातली पॉवर सपाट, म्हणजे सगळीकडे सारखी करायला थोरियाचे (थोरियम ऑक्साइडचे) काही बंडल, म्हणजे इंधन-नळ्यांचे जुडगे, घातले होते. थोरियम मात्र इकडचं नाही, ते केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाईट या खनिजाच्या वाळूतून येतं.

अमेरिकेचा फ्रॅपकॉन, जपानचा फेमॅक्सी असे हे गणित करणारे जुने कोड (प्रोग्राम) मुळात युरेनियम ऑक्साइडसाठी लिहिलेले, नंतर त्यांच्यात थोरियाचे गुणधर्म घालण्यात आले. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राचे फेअर, प्रोफेस हे कोड आहेत. थोरियमच्या मॉडेलिंगची सुरुवात नक्की कधीची हे ठरवणं अवघड, पण अमेरिकेतल्या शिपिंगपोर्टच्या अणुभट्टीत १९७७ ते १९८२ थोरियमचा गाभा चालला, त्याच सुमाराची कामं सहसा सुरुवातीची धरतात.

खरी मारामारी उष्णतावहनावर आहे. शुद्ध थोरिया युरेनियम ऑक्साइडपेक्षा उष्णता चांगली वाहून नेतं, वितळतंही ३३०० अंश सेल्सिअसच्या वर, युरेनियम ऑक्साइड साधारण २८५० ला, पण थोरियात युरेनियम मिसळलं की उष्णता वाहणाऱ्या, अणूंच्या जाळीतल्या कंपनांना अडथळा येतो आणि वहन घसरतं, कमी तापमानाला जास्तच, त्यामुळे शुद्ध थोरियाचा आकडा तसाच मिश्रणाला लावला तर पेलेटचा मधला भाग आहे त्यापेक्षा थंड दिसतो. वायू कमी का सुटतो यावरही दोन मतं: एक म्हणतं थोरियात वायूचं विसरणच (आतून बाहेर झिरपणं) मंद, दुसरं म्हणतं पेलेट थंड राहतो म्हणून. कॅनडातल्या चाचण्यांत खडबडीत, नीट न मिसळलेल्या जुन्या पेलेटमधून वायू बराच सुटला, एकजीव पेलेटमधून कमी, तेव्हा पेलेट कसा बनवला ते न बघता दोघांपैकी कुठलंही मत जसंच्या तसं कोडात घालणं जरा घाईचंच.

आणखी एक गोष्ट. थोरियमपासून बनणारं युरेनियम-२३३ फुटताना सुटणाऱ्या क्रिप्टॉन आणि झेनॉन या वायूंत क्रिप्टॉनचा वाटा जास्त येतो आणि क्रिप्टॉन झेनॉनपेक्षा उष्णता बरी वाहून नेतो, म्हणून नळी-पेलेटमधल्या फटीचं गणित बदलतं. पॉवरचा आलेखही उलटा: नैसर्गिक युरेनियमचा बंडल जळत जाईल तसा उतरतो, थोरियाचा सुरुवातीला जवळपास थंड असतो आणि मग चढतो, कारण थोरियम-२३२ न्यूट्रॉन गिळून आधी प्रोटॅक्टिनियम-२३३ होतं, त्याचं अर्धायुष्य सुमारे २७ दिवस, आणि त्यातून युरेनियम-२३३ साठत जातं.