पॉट झाला, पण व्हाईट कुठे गेली?

तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या मागे, एखाद्या मोबाइल दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आता पूलचं, म्हणजे स्टिकने बॉल मारून टेबलाच्या पॉकेटमध्ये घालायच्या खेळाचं, टेबल दिसायला लागलं आहे. तिथे येणाऱ्या आपल्याकडच्या पोट्ट्यांचा हात बहुतेक कॅरमवर बसलेला असतो. पहिल्याच दिवशी दोन-तीन बॉल पॉकेटमध्ये जातात आणि निकाल जाहीर होतो: "हे तं कॅरमच व्हय बे, फक्त मोठं!" महिना उलटतो, तरी एका दमात जाणारे बॉल दोन-तीनच असतात. पुढचा चढ नेमका कुठे आहे, तेच उमगत नाही. क्रिकेट, कबड्डी, तिरंदाजी यांच्या तुलनेत पूल किती अवघड, या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच सरळ देता येत नाही. माझ्या मते बॉल पॉकेटमध्ये घालणं, म्हणजे पॉट करणं, हा या खेळातला सोपा भाग आहे.

तो तरी किती सोपा? स्पर्धेच्या नऊ फुटी टेबलावर खेळायची जागा २५४ सेंटिमीटर लांब आणि १२७ सेंटिमीटर रुंद असते. बॉलचा व्यास ५७ मिलिमीटर, कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साधारण ११५ मिलिमीटर. म्हणजे दोन बॉल शेजारीशेजारी जेमतेम मावतील एवढं. समजा व्हाईटपासून (स्टिक फक्त या पांढऱ्या बॉलला मारायची, बाकीचे बॉल तिच्या धडकेने जातात) मारायचा बॉल एक मीटरवर आहे, तिथून पॉकेट आणखी एक मीटरवर, आणि सगळं एका सरळ रेषेत. बॉल पॉकेटच्या मध्यापासून तीनेक सेंटिमीटर इकडेतिकडे गेला तरी आत पडेल. कोनात मोजलं तर त्याला दोन्ही बाजूंना दीड अंशाहून किंचित जास्त सूट आहे.

ही सूट त्या बॉलला आहे, व्हाईटला नाही. व्हाईट ठरल्या जागेपासून एक मिलिमीटर बाजूला आदळली की दोन्ही बॉल एकमेकांना टेकण्याचा बिंदू गोलाईवर सरकतो आणि पुढच्या बॉलची दिशा एका अंशाने बदलते. पूलच्या बॉलचा आकारच असा आहे की हिशेब जवळजवळ तंतोतंत एका मिलिमीटरला एक अंश असा बसतो. म्हणून एक मीटरवरून व्हाईट नेताना दीड-पावणेदोन मिलिमीटरच्या आत राहावं लागतं, म्हणजे स्टिकच्या दिशेत चूक चालते ती फक्त अंशाच्या दहाव्या भागाएवढी. आणि हा झाला सरळ शॉट. साठ अंशांचा कट, म्हणजे बॉलला बाजूने धडकून साठ अंशांनी वळवायचा शॉट, असेल तर त्याच एका मिलिमीटरला दिशा दोन अंशांनी फिरते.

आता हे नागपूरचा तिरंदाज ओजस देवतळे याच्या खेळाशी ताडून पाहू. २०२३ साली बर्लिनमध्ये जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात त्याने पंधरा बाण मारले आणि पंधराही दहाच्या वर्तुळात, १५० पैकी १५०. कंपाउंड धनुष्याच्या या प्रकारात पन्नास मीटरवरचं दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचं असतं. कोनात ही सूट अंशाच्या विसाव्या भागाहूनही थोडी कमी, म्हणजे आपल्या पूलच्या शॉटच्या निम्मी. दहा मीटर एअर रायफलमध्ये तर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो. साडेचार मिलिमीटरच्या छऱ्याने त्याला नुसता स्पर्श केला तरी दहा मिळतात हे धरूनही रायफल पूलपेक्षा सहा-सात पट काटेकोर ठरते. नुसत्या नेमाच्या स्पर्धेत पूल पहिला येत नाही, हे मान्य करायला हवं.

फरक बाण लागल्यानंतर सुरू होतो. बाण लागला की विषय संपला, पुढचा बाण त्याच जागेवरून त्याच अंतरावर मारायचा. कॅरममध्येही स्ट्रायकर हातात परत येतो, तो आपण रेषेवर हवा तिथे ठेवतो. पूलमध्ये व्हाईट जिथे थांबेल तिथूनच पुढचा शॉट. म्हणजे दर वेळी एकाच फटक्यात दोन कामं: एक बॉल आत, दुसरा अमुक जागी उभा.

दुसऱ्या कामाचं विज्ञान बारकाईने पाहण्यासारखं आहे. मधोमध मारलेली व्हाईट सुरुवातीला कापडावर घसरत जाते. कापडाच्या घर्षणाने ती हळूहळू घरंगळायला लागते, आणि पूर्ण घरंगळू लागेपर्यंत तिचा वेग मूळच्या पाच सप्तमांशच उरलेला असतो. उंचीच्या सात दशांशावर मारली तर पहिल्या क्षणापासून घरंगळते. खाली मारली तर उलटी फिरत पुढे सरकते. कट मारताना घसरती, न फिरणारी व्हाईट धडकली, तर ती आणि समोरचा बॉल एकमेकांपासून जवळपास काटकोनात फुटतात. घरंगळती व्हाईट फार जाड (जवळजवळ समोरासमोर) किंवा फार पातळ (नुसता कडेला चाटून जाणारा) नसलेल्या कटवर आपल्या मूळ रेषेपासून साधारण तीस अंशांवर जाते. तोच बॉल, तेच पॉकेट, पण व्हाईट टेबलाच्या वेगवेगळ्या टोकांना. स्टिकचं टोक बॉलला टेकून राहतं ते सेकंदाचा सुमारे हजारावा भाग, त्यामुळे टेकल्यानंतर हाताने काही सुधारायची सोयच नाही. मध्यापासून त्रिज्येच्या अर्ध्याहून लांब मारलं तर टोक सटकतं. फॉलो (वर मारून व्हाईट पुढे नेणं), ड्रॉ (खाली मारून मागे आणणं), साइड (डावी-उजवीकडे मारून फिरकी देणं) ही सगळी करामत त्यामुळे २८ मिलिमीटर व्यासाच्या एका वर्तुळात कोंबलेली आहे.

साइड मारली की आणखी भानगड होते. डावीकडे मारलं तर व्हाईट स्टिकच्या रेषेपासून किंचित उजवीकडे निसटते. स्टिकचा मागचा भाग उचललेला असेल तर पुढे ती परत डावीकडे वळते. आणि धडकताना बॉल-बॉलमधलं घर्षण समोरच्या बॉललाही थोडं ओढतं. म्हणजे जागा साधायला गेलात की नेम बिघडतो आणि नेम दुरुस्त केला की जागा हलते. गास्पार-गुस्ताव कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञाने १८३५ साली बिलियर्ड्सच्या या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलं. वाऱ्यांच्या दिशेच्या धड्यात ज्याचं नाव येतं, तोच हा. (आणि स्नूकर हा पूलचा मोठा भाऊ तर आपल्या शेजारचा: १८७५ साली जबलपूरला इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांमध्ये जन्मलेला.)

यावर गुणाकार चढतो. एट-बॉल या पूलच्या प्रकारात सात बॉल आणि शेवटी काळा, असे आठ शॉट ओळीने घालायचे. दहापैकी आठ वेळा जमणाऱ्या खेळाडूला हे सहा डावांत एकदा जमेल, दहापैकी नऊ वाल्याला शंभर डावांत त्रेचाळीस वेळा. अमेरिकेच्या विली मोस्कोनीने १९५४ साली स्ट्रेट पूल या प्रकारात एकही न चुकता ५२६ बॉल घातले. शंभरात नव्व्याण्णव जमणाऱ्या माणसाने ५२६ चा प्रयत्न दोनशे वेळा केला, तर कुठे एकदा तडीस जाईल. मोस्कोनी हजारात किती चुकत असेल, याचा अंदाज यावरून करा. व्हाईट जवळ आणून पुढचा शॉट सोपा करून ठेवण्याची कला नसती तर नुसत्या नेमावर हा आकडा कुणालाच झेपला नसता.

क्रिकेटची अडचण वेगळ्या जातीची आहे. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू बॅटपर्यंत यायला अर्धा सेकंदही घेत नाही. कबड्डीत समोर सात जण आपल्याला पकडायलाच उभे असतात, आणि फुप्फुसं, मांड्या, गुडघे यांची किंमत मोजावी लागते. पूलमध्ये कुणी अंगावर येत नाही, घाई नाही. म्हणूनच वयाचा पट्टा इतका रुंद आहे: तैवानचा वू चिया-चिंग २००५ मध्ये नाइन-बॉल या पूलच्या प्रकाराचा जगज्जेता झाला तेव्हा सोळा वर्षांचा होता, आणि रॉनी ओ'सुलिव्हनने स्नूकरचं जागतिक अजिंक्यपद २०२२ मध्ये शेहेचाळिसाव्या वर्षी जिंकलं. वेळ हातात असणं हीच मात्र कधीकधी पंचाईत होते. २००२ मधल्या एका अभ्यासात बिलियर्ड्स खेळाडूंची नजर मोजली, तेव्हा कसलेल्या खेळाडूंची फटक्याआधीची शेवटची स्थिर नजर जास्त वेळ टिकलेली दिसली, आणि शॉट जितका किचकट तितकी आणखी जास्त. नवख्याची नजर पॉकेट, बॉल, व्हाईट, शेजारी उभा मित्र अशी हिंडत राहते.

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये त्याहून मजेशीर गोष्ट छापली. लोकांच्या अंगावर हालचाल टिपणारी साधनं बांधून त्यांना एकच पूल शॉट पुनःपुन्हा मारायला लावला. स्टिक धरणारा हातच शिकेल अशी अपेक्षा होती. बदल डोक्यापासून पायापर्यंत सगळ्या शरीरात आढळले. सरावाने सगळ्यांची हालचाल आवरली गेली, पण सुरुवातीला ज्यांचा हात फार भटकायचा ते शेवटीही इतरांपेक्षा जास्तच भटकत होते. उजव्या हाताच्या कोपरापुढच्या पिळात मात्र सुरुवातीची विविधता आणि शिकण्याचा वेग यांचा संबंध दिसला.

शिकायचं तर चूक कुठे झाली ते कळायला हवं, आणि आपल्याकडे खरी गोची इथे आहे. कापड पाच पावसाळे खाल्लेलं, दमट हवेत संथ होणारं. टेबलाला मीटरमागे एक मिलिमीटर उतार असला तरी हळू चाललेला बॉल काही सेंटिमीटर सरकतो. शॉट चुकला की हात चुकला की टेबल, हे पोट्ट्याला कळत नाही, आणि तो बरोबर असलेला हात बदलत बसतो. म्हणून अशा टेबलावर हळू शॉटचा सराव करू नये. सरळ रेषेत बॉल ठेवून जरा जोरात स्टॉप शॉट, म्हणजे धडकल्यावर व्हाईट तिथेच थांबेल असा शॉट, मारावा. वेगामुळे उताराला वेळच मिळत नाही. व्हाईट जागच्या जागी थांबली तर ठीक. पुढे सरकली तर धडकेआधीच घरंगळायला लागली होती, थोडं खाली मारावं. डावी-उजवीकडे गेली तर बॉल मधोमध लागला नाही. आणि थांबून जागेवरच गरगर फिरत राहिली, तर बॉल पॉकेटमध्ये गेलेला असला तरी टोक व्हाईटच्या मध्यावर नव्हे, बाजूला लागलेलं आहे.