घेवड्याचे उत्पन्न (कोल्हापूर भागातील लहान शेती)

घेवडा हे शेंगभाजीचे कडधान्यवर्गीय पीक आहे. शास्त्रीय नाव फेजिओलस व्हल्गॅरिस. कोवळी शेंग खुडली की तो श्रावण घेवडा आणि दाणा वाळवून घेतला की राजमा. बोलण्यात वाल-पावट्यालाही घेवडा म्हणतात, पण ते पीक वेगळे आहे. कोल्हापूर जिल्ह्यात घेवडा सहसा दहा-वीस गुंठ्यांत किंवा उसाच्या सरीत अंतरपीक म्हणून घेतात. पीक जेमतेम दोन-अडीच महिन्यांचे असल्यामुळे एखादी चूक झाली तर ती भरून काढायला सवड राहत नाही. खताचे पोते वाढवून उत्पन्न वाढते हा समज पक्का आहे, पण प्रत्यक्षात ते जास्त करून पेरणीची तारीख, रानातला निचरा आणि वेळेवरची तोडणी यांवर ठरते.

हंगाम : घेवड्याला 15 ते 25 अंश तापमान मानवते. पारा 30-32 च्या वर राहिला, त्यातही रात्री उकाड्याच्या असल्या, की परागकण निकामी होतात आणि फुले गळतात. झुडपी वाणाला पेरणीपासून साधारण 35 ते 40 दिवसांनी फूल लागते. म्हणून पेरणी ठरवताना फुलोरा कोणत्या दिवसांत येईल हे मोजावे लागते. फेब्रुवारीच्या अखेरीस पेरलेल्या पिकाची फुले एप्रिलच्या उन्हात सापडतात. झाड हिरवेगार दिसते, शेंग मात्र नसते. उन्हाळी पेरणी त्यामुळे जानेवारीतच उरकावी. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरची पेरणी सर्वांत भरवशाची, कारण फुलोरा नोव्हेंबरच्या थंडीत येतो. खरिपात जिल्ह्याचे दोन भाग पडतात. शिरोळ-हातकणंगल्याकडे पाऊस बेताचा असल्याने पीक निभावते; गगनबावडा, राधानगरी, आजरा या पश्चिमेच्या पट्ट्यात मात्र फुलोरा आणि संततधार एकाच वेळी येतात.

निचरा : घेवड्याच्या मुळांना हवा लागते. रानात एक-दोन दिवस पाणी तुंबले तरी पाने पिवळी पडतात आणि मुळकूज सुरू होते. नदीकाठच्या काळ्या रानात हा धोका मोठा आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगाकाठची पिके दिवसेंदिवस पाण्याखाली होती. पण पूर आला नाही तरी उसाला सवयीने भरपूर पाणी सोडणारा हात घेवड्याला बुडवतो. सरीच्या तळात न टोकता वरंब्याच्या बगलेत टोकावे, शेताच्या उताराकडे चर काढावा, आणि वाफसा आल्याशिवाय पाण्याची पुढची पाळी देऊ नये. उलट बाजूने, फुलोरा आणि शेंग भरण्याच्या दिवसांत ताण पडला तर शेंगा आखूड आणि वाकड्या होतात. सामाईक विहिरीवर किंवा पाणीपुरवठा संस्थेच्या पाळीवर अवलंबून असलेल्याला नेमके याच दिवसांत पाणी मिळत नाही, म्हणून पेरणीआधीच पाळी कधी येते ते पाहून घ्यावे. शिरोळकडील क्षारपड रानात हे पीक घेऊच नये. घेवडा खारटपणा अजिबात सोसत नाही.

बियाणे व उगवण : ओळींत 45 आणि रोपांत 15 सेंटिमीटर अंतर धरले तर एकरी सुमारे 60,000 रोपे बसतात. त्यासाठी 20 ते 25 किलो बी लागते, म्हणजे दहा गुंठ्यांना 5-6 किलो. कंटेंडर, अर्का कोमल, फुले सुयश हे माहितीतले झुडपी वाण आहेत. बी 3 ते 4 सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये. घेवड्याचे रोप बियाच्या दोन्ही डाळिंब्या (दले) डोक्यावर घेऊन माती फोडत वर येते. टोकणीनंतर जोराचा पाऊस होऊन काळ्या मातीवर पापडी धरली, तर वाकलेली मान त्या पापडीखालीच मोडते. अशा वेळी हलक्या हाताने पापडी फोडली तर बरीच रोपे वाचतात. बी रात्रभर भिजत घालणेही चुकीचे आहे. घाईने पाणी शोषून डाळिंब्या तडकतात आणि उगवण घटते.

जिवाणू संवर्धकाबाबत (मुळांवर गाठी करून हवेतले नत्र पिकाला देणारे जिवाणू) एक चूक फार पाहायला मिळते. सोयाबीनच्या रायझोबियम या संवर्धकाचे उरलेले पाकीट घेवड्याला चोळले जाते. दोन्ही पिकांच्या गाठींतले जिवाणू वेगळे असल्याने त्याचा उपयोग होत नाही. घेवड्याचेच संवर्धक घ्यावे, 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम. बुरशीनाशक आधी आणि संवर्धक शेवटी लावून बी सावलीत सुकवावे.

खत : घेवड्याच्या मुळांवर गाठी कमी धरतात, त्यामुळे इतर कडधान्यांपेक्षा त्याला नत्र जास्त लागते. एकरी 20 ते 25 किलो नत्र, निम्मे पेरणीला व निम्मे फुलोऱ्याआधी भांगलण (खुरपणी) करून द्यावे. उसाच्या मापाने युरिया टाकला की पाला माजतो, फूल उशिरा येते आणि दाट पाल्यात मावा व बुरशी वाढते.

रोग, किडी आणि तणनाशक : दमट हवेत तांबेरा आणि करपा हे बुरशीचे रोग, तर मावा व पांढऱ्या माशीमुळे विषाणूजन्य केवडा (पानांवर पिवळे-हिरवे चट्टे) येतो. करपा आणि एका प्रकारचा केवडा बियाण्यातूनही पसरतात, म्हणून घरचे बी निरोगी झाडाचेच धरावे. कोल्हापूरच्या रानात यापेक्षा सहज नजरेआड होणारे कारण शेजारच्या उसाचे आहे. उसावर मारलेले 2,4-डी हे तणनाशक वाऱ्याने उडून आले की घेवड्याची पाने वाटीसारखी वळतात, शेंडा पिळवटतो, आणि शेतकरी रोग समजून औषध फवारत बसतो. ओळखायची खूण सोपी आहे : केवड्याची झाडे विखुरलेली असतात, तणनाशकाची इजा बांधाच्या एका कडेने एकदम दिसते आणि आत जाईल तशी कमी होते. तणनाशकाचा पंप नुसता विसळून घेवड्यावर वापरला तरी हीच गत होते. त्यासाठी वेगळाच पंप ठेवावा. उसात अंतरपीक असेल तर अ‍ॅट्राझिन, मेट्रिब्युझिनसारखी उसाची तणनाशके टाकता येत नाहीत. खुरपेच लागते.

तोडणी : फूल लागल्यापासून 12 ते 15 दिवसांत शेंग तयार होते. मोडली तर कट् आवाज येऊन तुटावी आणि आतला दाणा बाहेरून उठलेला दिसू नये. दर 3-4 दिवसांनी तोडा झाला पाहिजे. शेंग जून झाली की झाड दाणा भरण्याच्या मागे लागते आणि नवे फूल धरत नाही, म्हणजे एक तोडा चुकला की पुढचेही घटतात. ऊसतोडीच्या दिवसांत माणसे मिळत नाहीत, तेव्हा पैऱ्याने (एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबून) काम होईल एवढेच क्षेत्र लावणे शहाणपणाचे. दहिवर (दव) असताना तोडणी करू नये. ओल्या पानांतून फिरणाऱ्या हातांनी आणि कपड्यांनी तांबेरा, करपा ओळीभर पसरतो. ओली शेंग गच्च पोत्यात भरली तर आत ऊब धरून डाग पडतात, आणि सकाळच्या सौद्यात त्या मालाचा दर पडतो. नीट सांभाळलेल्या पिकाचे 4 ते 6 तोडे मिळतात. एकरी 30-35 क्विंटल हिरवी शेंग हे चांगले उत्पन्न समजावे.