‘कुठून’ की ‘कुठे’: अ‍ॅरेतल्या क्रमचयांची पार्श्वभूमी

गणितात क्रमचय (घटकांचा क्रम बदलून केलेली मांडणी) लिहिण्याच्या रीती १९व्या शतकापासून आहेत. दोन ओळींची मांडणी आणि चक्रांची मांडणी (कोण कोणाच्या जागी जातो याची साखळी) या त्यातल्या मुख्य. अ‍ॅरे-भाषांनी (म्हणजे आकड्यांच्या रांगा किंवा चौकटी हाच पाया असलेल्या संगणकभाषांनी) दोन ओळींतली वरची ओळ काढून टाकली, कारण ती नेहमी १, २, ३ अशीच असते. खालची ओळ म्हणजे क्रमचय. एपीएल ही अशीच एक भाषा ज्या चिन्हलिपीतून आली ती १९६२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्यातही क्रमचय हा आकड्यांचा साधा अ‍ॅरेच होता. या काटछाटीमुळे लिखाण सुटसुटीत झालं. पण आकडा नेमकं काय सांगतो, हा प्रश्न तेव्हापासून उघडाच राहिला.

उदाहरण घेऊ. अ = क ख ग घ, आणि प = ३ १ ४ २. अ[प] लिहिलं की उत्तर येतं ‘ग क घ ख’. इथे प सांगतो की पहिल्या जागेवरचा घटक तिसऱ्या जागेवरून उचला, म्हणजे ‘कुठून’. आता ब[प]←अ करून पाहा. क तिसऱ्या जागी जातो, ख पहिल्या, आणि ब होतो ‘ख घ क ग’. आकडे तेच, पण या वेळी ते ‘कुठे’ सांगताहेत. पहिली कृती दुसरीची व्यस्त आहे, म्हणजे एकीने केलेला बदल दुसरी पूर्ववत करते. दोन घटकांची अदलाबदल किंवा अख्खा अ‍ॅरे उलटा करणं यांत मात्र दोन्ही अर्थांचं उत्तर एकच येतं, कारण तिथे क्रमचय स्वतःचाच व्यस्त असतो. म्हणून अशा सोप्या उदाहरणांवर चाचणी घेतली तर चूक लपते. ती पकडायला तीन किंवा अधिक घटकांचं चक्र लागतं.

१९६६ मध्ये एपीएल टाइमशेअरिंगवर (एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याच्या पद्धतीवर) चालू लागली, तेव्हा टर्मिनल टंकयंत्राच्या गोळ्यावर ८८च चिन्हं मावत. त्यामुळे क्रम लावण्यासाठीचं ⍋ हे चिन्ह उमटवायला त्रिकोण छापायचा, एक घर मागे यायचं आणि त्याच्यावर उभी रेघ मारायची. हे चिन्ह क्रम लावून देत नाही, क्रम लावणारा क्रमचय देतो. प्रत्यक्ष क्रम हवा असेल तर अ[⍋अ]. नवशिक्याला हा वळसा वाटतो, पण ताकद त्यातच आहे: एकाच क्रमचयाने सोबतचे दुसरे अ‍ॅरेही त्याच क्रमात आणता येतात. शिवाय क्रमचयावर ⍋ चालवलं की त्याचा व्यस्त मिळतो. ४० १० ३० वर ⍋ चालवलं तर २ ३ १ येतं, आणि पुष्कळजण त्यालाच क्रमांक समजतात. खरे क्रमांक ⍋⍋ ने येतात: ३ १ २.

खरा वाद ⍉ चा, म्हणजे अक्षांच्या (ओळी, स्तंभ अशा दिशांच्या) क्रमचयाचा. अ‍ॅरेचा आकार, म्हणजे अक्षांची लांबी, २ ३ ४ आहे. एपीएलमध्ये २ ३ १⍉अ लिहिलं तर पहिला अक्ष दुसरा होतो, दुसरा तिसरा होतो, तिसरा पहिला होतो. नवा आकार ४ २ ३. म्हणजे अ[प] सारख्या इंडेक्समध्ये ‘कुठून’ म्हणणारी भाषा इथे ‘कुठे’ म्हणते. ही विसंगती आहे, हा आक्षेप रास्तच आहे. पण तिच्या बदल्यात जे मिळालं ते फार मोलाचं आहे. ‘कुठे’ हा अर्थ धरला की दोन अक्षांना एकच जागा देता येते: १ १⍉म म्हणजे म या चौकटीचा कर्ण. ‘कुठून’ या अर्थात आकडा पुन्हा लिहून कर्ण मिळण्याची सोय नाही. एका चिन्हात अक्षांची फेरमांडणी आणि कर्ण दोन्ही बसवणं हा माझ्या मते त्या काळातला सगळ्यात विचारपूर्वक निर्णय होता.

१९९० मध्ये आलेल्या जे भाषेने तो फिरवला. तिथे डावीकडे दिलेले अक्ष त्याच क्रमाने शेवटी जातात. सगळे अक्ष दिले तर अर्थ ‘कुठून’ होतो, आणि कर्णासाठी अक्ष वेगळे पेटीबंद करून द्यावे लागतात. कंसातलं इंडेक्सिंगही जे भाषेने काढून टाकलं आणि त्या जागी साधं फंक्शन आलं. मोजणी कायमची शून्यापासून ठरली. एपीएलमध्ये ती शून्यापासून की एकापासून, हे आजही निवडता येतं. जे भाषेने क्रमचयांना स्वतंत्र क्रियाही दिल्या. एक क्रिया क्रमचयाचा कोशक्रमातला (शब्दकोशासारख्या क्रमातला) अनुक्रमांक सांगते (तीन घटकांत २ ० १ चा अनुक्रमांक ४). दुसरी क्रमचयाची चक्रं पाडते; प्रत्येक चक्र त्याच्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्यापासून सुरू होतं.

पुढे नम्पाय या पायथन भाषेतल्या संग्रहानेही अक्षांसाठी ‘कुठून’ हाच अर्थ घेतला, आणि आज बहुतेकांच्या सवयीचा तोच आहे. प्रतिमांच्या कामात हा फरक रोज समोर येतो. गठ्ठा (एकत्र घेतलेल्या प्रतिमा), उंची, रुंदी, चॅनेल (रंगांचे थर) या क्रमातून चॅनेल दुसऱ्या जागी आणायचं तर नम्पायमध्ये ० ३ १ २ लिहावं लागतं. शून्यापासून मोजणाऱ्या एपीएलमध्ये त्याच कामासाठी ० २ ३ १. नम्पायमध्ये ० २ ३ १ हा परतीचा रस्ता आहे. म्हणून एकीकडची ओळ दुसरीकडे जशीच्या तशी चिकटवली की उंची, रुंदी आणि चॅनेल चुकीच्या जागी बसतात. तिघांची लांबी सारखी असेल तर आकारही तसाच राहतो आणि कुठेच एरर येत नाही.

२०२० मधल्या बीक्यूएन या एपीएलच्या वंशातल्या भाषेने मोजणी शून्यापासून ठेवली आणि क्रम लावायला वेगळी चिन्हं दिली. ⍉ ला डावीकडून अक्ष देताना मात्र तिने एपीएलचाच ‘कुठे’ कायम ठेवला, आणि ० ० दिले की तिथेही कर्ण येतो.