पार्श्वभूमी: रविवार सकाळचा घरचा नाश्ता

रविवारी उशिरा उठावे, घरात पोह्यांची फोडणी बसलेली असावी किंवा तव्यावर थालीपीठ खरपूस होत असावे आणि खाऊन झाल्यावरही तासभर कोणी जागेवरून हलू नये, हा सुट्टीचा रिवाज मराठी घरांत पिढीजात असल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो बराच अलीकडचा आहे. शेतावर राबणाऱ्यांची न्याहारी कामाच्या मधली होती. पहाटे औत धरलेला माणूस दिवस वर आल्यावर बांधावर बसून भाकरी, ठेचा आणि कांदा खाई; कोकणात त्या वेळेला उकड्या तांदळाची पेज असे. शहरातल्या पांढरपेशा घरांत दहाच्या कचेरीला जाणारा माणूस साडेनऊच्या आत पूर्ण जेवूनच बाहेर पडे आणि त्याआधी मुलांपुढे मऊ भात, तूप-मेतकूट आले की सकाळचे खाणे संपले. यांत चवीची उणीव नव्हती, सवड मात्र नव्हती. सगळ्यांची सुट्टी एकाच दिवशी असल्याशिवाय अशी सवड मिळत नाही, म्हणून या नाश्त्याचा इतिहास स्वयंपाकघरापेक्षा आधी गिरणीत शोधावा लागतो.

सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुट्टी होती, पण मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या मजुरांना ती नव्हती. त्यांचा दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा असे आणि गिरणी बंद ठेवली तरी यंत्रे पुसायला पुन्हा हजेरी लावावी लागे. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला झालेल्या सभांतून कामगारांनी एक अर्ज तयार केला. त्यावर सुमारे साडेपाच हजार जणांच्या सह्या होत्या आणि मागण्यांत पहिले स्थान रविवारच्या पूर्ण सुट्टीला होते. त्यापाठोपाठ दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई, या मागण्या होत्या. गिरणी मालकांनी ही सुट्टी आपखुशीने दिली, असे मानणाऱ्यांनी पुढची सहा वर्षे पाहावीत. अर्ज गेले, चौकशी समिती बसली, सभा होत राहिल्या आणि एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्यानंतर १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कारखाने कायद्याने आठवड्याच्या सुट्टीला कायद्याचा आधार मिळाला.

वाद आजही होतो तो वाराबद्दल. रविवार हा चर्चचा वार असल्याने ही सुट्टी साहेबाने आपल्यावर लादली, असे अनेकदा ऐकू येते आणि त्याला जोडून जुन्या काळी आपल्याकडे सुट्टीच नव्हती किंवा ती दुसऱ्याच वारी असे, असेही सांगितले जाते. यातले दुसरे म्हणणे अगदीच निराधार नाही. गावगाड्यात आठवडी बाजाराचा दिवस कामाला सैल असे आणि अनेक गावांत सोमवारी बैल जुंपत नसत. म्हणजे विसाव्याचा वार गावागणिक बदले. परंतु लादल्याचे म्हणणे इथे टिकत नाही, कारण ज्यांच्यावर सुट्टी लादली असे म्हणतात त्यांनीच ती सहा वर्षे मागितली होती आणि द्यायला टाळाटाळ करणारे मालक बहुतांशी देशी होते. साहेबांच्या कचेऱ्या त्या दिवशी बंद असतात ही सोय कामगारांनी ओळखली होतीच. शिवाय रविवार हा खंडोबाचा वार असल्याचे कारणही त्या मागणीच्या बाजूने मांडले गेले. देशावरून मुंबईत आलेल्या, जेजुरीला कुलदैवत मानणाऱ्या मजुराला तो वार परका वाटण्याचे काहीच कारण नव्हते. एकाच दिवसाला दोन वेगळे अर्थ होते आणि कामगारांनी त्यांतला आपला अर्थ पुढे केला, असे म्हणणे अधिक न्यायाचे ठरेल.

सुट्टी मिळाली म्हणून लगेच नाश्ता रंगू लागला असे मात्र नाही. गिरणगावात एकट्याने राहणारे हजारो पुरुष खानावळीत जेवत. ज्यांची कुटुंबे सोबत होती त्यांच्या रविवारचा मान दुपारच्या मटणाला होता आणि सकाळ चहा-पावावर भागे. बहुजन घरांतून हा क्रम अजूनही दिसतो. पोहे, उपीट, साबुदाण्याची खिचडी यांचा रविवार ही मुख्यतः नोकरदार मध्यमवर्गाची घडण आहे आणि तिचा काळ स्वातंत्र्यानंतरचा, त्यातही १९६० नंतरचा आहे. खिचडीचेच पाहिले तर बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि ज्याच्यापासून साबुदाणा करतात तो कंद, हे सारे मुळात अमेरिका खंडातले. साबुदाण्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमच्या परिसरात उभे राहिले तेही दुसऱ्या महायुद्धात आयात थांबल्यावर.

खरा बदल घडवला तो गॅसच्या शेगडीने. मुंबईत स्वयंपाकाचा गॅस १९५५ च्या सुमारास आला, पण पुढे कित्येक वर्षे जोडणीसाठी नाव नोंदवून वाट पाहावी लागे. चूल फुंकायची किंवा स्टोव्हला पंप मारायचा, तर एकामागून एक गरम थालीपीठ पानात वाढत राहणे सोपे नव्हते. पाठोपाठ मिक्सर आला आणि उडप्याच्या हॉटेलात खाल्लेली इडली पाटा-वरवंट्याशिवाय घरी होऊ लागली. जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी साडेनऊला दूरदर्शनवर रामायण लागू लागले, तेव्हा अंघोळी आणि नाश्ता त्याआधी उरकण्याची शिस्त घरोघर आली. ज्यांच्या घरी संच नव्हता ते शेजारी जात आणि पोह्यांच्या बशा त्यांच्याही हातात येत.

हे सारे सांगताना एक बाजू नेहमी झाकली जाते. थालीपीठ एकाच वेळी सगळ्यांसाठी होत नाही. ओल्या फडक्यावर भाजणीचा गोळा थापायचा, बोटाने मध्ये भोके पाडायची, तव्यावर टाकून भोकांत तेल सोडायचे, झाकण ठेवायचे, कड सुटली की उलटायचे आणि लोण्यासह पानात गेले की पुढचा गोळा हातात घ्यायचा. पोहेही उशिरा उठणाऱ्यासाठी ठेवले तर कोरडे पडतात, म्हणून पुन्हा वाफ आणावी लागते. ओट्याशी उभी असलेली बाई शेवटी खाते आणि तोवर दुपारच्या स्वयंपाकाची वेळ झालेली असते. ज्या सुट्टीसाठी बायकांनीही सभेत भाषणे केली, ती सुट्टी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अडली.

महाराष्ट्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि त्या बदल्यात रोजची कामाची वेळ वाढली. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार २०१५ पासूनच मोकळा होता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, त्यामुळे निवांत सकाळ आठवड्यातून दोनदा येण्याची ही सुरुवात घराच्या चार भिंतींतच झाली. देशाच्या वेळ-वापर पाहणीत २०१९ साली आपल्याच घरचे काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता आणि पुरुषांचा ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. तयार भाजणी आणि इडलीचे आयते पीठ आता वाण्याकडे मिळते. काही घरांत रविवारचे पोहे मुलगा किंवा वडील करतात, मात्र पोहे निवडून-चाळून ठेवणे, कांदा-मिरची आणणे आणि नंतरची भांडी हे काम अजून बहुतेक ठिकाणी बाईकडेच आहे.